साइनचा नियम लावला की जहाज दोन ठिकाणी सापडते: उत्तरसूचीतले अंतर खरे की माझे?

जुळे_सोलापूर (प्रश्न)

नमस्कार. मी सोलापुरात बारावी विज्ञान शाखेत शिकते आणि पुढे मर्चंट नेव्हीच्या प्रवेश परीक्षेला बसण्याचा विचार आहे. आमच्या शिकवणीच्या सराव चाचणीतील एका गणितावर मी चार दिवस अडकून पडले आहे, म्हणून ते जसेच्या तसे येथे देते.

"एक जहाज बंदरातून निघून ०७०° बेअरिंगवर सरळ रेषेत ताशी १० सागरी मैल वेगाने जात आहे. बंदरापासून ०४०° बेअरिंगवर, २० सागरी मैलांवर एक दीपगृह आहे. जहाज दीपगृहापासून १२ मैलांवर आले, तेव्हा ते बंदरापासून किती दूर होते?"

बेअरिंग म्हणजे उत्तर दिशेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजलेला कोन. बंदराला ब, दीपगृहाला द आणि जहाजाला ज म्हटले, तर ब जवळचा कोन ७० वजा ४० म्हणजे ३०°, बाजू बद = २० आणि बाजू दज = १२ एवढी माहिती हाती येते. साइनच्या नियमाने साइन ज = २० × साइन ३०° ÷ १२ = ०.८३३३ आले. कॅल्क्युलेटरने कोन ज = ५६.४४° दिला, म्हणून कोन द = ९३.५६° झाला, आणि पुन्हा साइनचा नियम लावून बज = २३.९५ मैल हे उत्तर मिळाले. उत्तरसूचीत मात्र १०.६९ मैल छापले आहे. शिकवणीत विचारले, तर "आकडेमोड पुन्हा तपास" एवढेच सांगण्यात आले. ती मी तीनदा तपासली. शेवटी उत्तरसूचीतले १०.६९ कोसाइनच्या नियमात घालून पाहिले, तर दीपगृहापासूनचे अंतर १२ च येते, आणि माझे २३.९५ घातले तरीही १२ च येते! एका प्रश्नाची दोन्ही उत्तरे बरोबर कशी असू शकतात, आणि असतील तर परीक्षेत कोणते लिहायचे?

निवृत्त_गणित_शिक्षक

जुळे सोलापूरला राहणाऱ्या मुलीला जुळी उत्तरे मिळावीत, हा योगायोगच म्हणायचा. गंमत बाजूला ठेवून सांगतो की तुझी आकडेमोड चुकलेली नाही आणि उत्तरसूचीही चुकलेली नाही. तो प्रश्नच अपुरा आहे.

शाळेत पाठ केलेल्या एकरूपतेच्या कसोट्या आठव: बाकोबा, कोबाको, बाबाबा, कोकोबा आणि काटकोन त्रिकोणासाठी कर्णभुजा. (बा म्हणजे बाजू, को म्हणजे कोन.) या यादीत "बाबाको" नाही, आणि ती का नाही हे वर्गात सहसा कोणी विचारत नाही, शिकवणाराही आपणहून सांगत नाही (मीही बरीच वर्षे सांगितले नाही, हे कबूल करतो). दोन बाजू आणि त्यांपैकी एकीच्या समोरचा कोन एवढेच माहीत असेल, तर त्रिकोण ठरतोच असे नाही. तुझ्या गणितात नेमके हेच आहे: ३०° चा कोन हा १२ मैलांच्या बाजूसमोरचा आहे, २० आणि १२ या दोन बाजूंच्या मधला नव्हे. कर्णभुजा कसोटी हीसुद्धा खरे तर बाबाकोच आहे, पण तेथे दिलेला कोन काटकोन असल्यामुळे त्याच्या समोरची बाजू सर्वांत मोठी असते आणि दुसऱ्या त्रिकोणाला जागाच उरत नाही.

कंपासपेटी काढ आणि कोऱ्या कागदावर आकृती काढ. एका मैलाला अर्धा सेंटिमीटर हे प्रमाण घे. ब पासून ३०° चा कोन करणाऱ्या दोन रेषा काढून एकीवर १० सेंटिमीटरवर द घे, म्हणजे दुसरी रेषा हा जहाजाचा मार्ग झाला. आता कर्कटकाचे टोक द वर ठेवून ६ सेंटिमीटर त्रिज्येचा कंस मार. तो मार्गाला एकदा ब पासून ५.३ सेंटिमीटरच्या थोडे पुढे आणि दुसऱ्यांदा १२ सेंटिमीटरच्या अगदी अलीकडे छेदेल. पहिला बिंदू उत्तरसूचीचा, दुसरा तुझा. मग कर्कटक हळूहळू मिटत जा, म्हणजे दोन्ही छेदनबिंदू एकमेकांकडे सरकताना दिसतील. त्रिज्या बरोबर ५ सेंटिमीटर झाली की कंस मार्गाला नुसता स्पर्श करेल, आणि त्याहून कमी झाली की मार्गापर्यंत पोहोचणारच नाही. ते ५ सेंटिमीटर म्हणजे द पासून मार्गावर टाकलेला लंब, २० × साइन ३०° = १० मैल. दिलेले अंतर १० पेक्षा कमी असेल तर त्रिकोण नाही, १० असेल तर एक, १० आणि २० यांच्या दरम्यान असेल तर दोन, आणि २० किंवा त्याहून जास्त असेल तर पुन्हा एकच. हे चार प्रकार पाठ करू नकोस, कर्कटक उघडत-मिटत पाहा.

कॅल्क्युलेटरने तुला एकच कोन का दिला, तेही सांगतो. पूरक कोनांचे साइन समान असतात, म्हणून साइन ५६.४४° आणि साइन १२३.५६° यांची किंमत एकच आहे. व्यस्त साइनचे बटण −९०° ते ९०° यांच्या पलीकडचा कोन देतच नाही, त्यामुळे विशालकोनाची शक्यता दर वेळी आपली आपणच तपासावी लागते. विशालकोन घेतलास तर कोन द = १८० − ३० − १२३.५६ = २६.४४° आणि बज = १२ × साइन २६.४४° ÷ साइन ३०° = १०.६९ हे उत्तरसूचीचे उत्तर तुझ्याच रीतीने मिळेल.

माझ्या मते अशा गणितात साइनचा नियम मुळात वापरूच नये. कोसाइनचा नियम लिही: १२² = २०² + क्ष² − २ × २० × क्ष × कोसाइन ३०°. याचे क्ष² − ३४.६४ क्ष + २५६ = ० असे वर्गसमीकरण होते आणि त्याची दोन मुळे, १७.३२ ± ६.६३, एकाच वेळी समोर येतात, म्हणजे कोणतेही उत्तर लपून राहत नाही. विवेचक ऋण आला तर त्रिकोण नाही, शून्य आला तर एक, आणि एखादे मूळ ऋण आले तर ते जहाज निघाले त्याच्या उलट दिशेला असल्यामुळे सोडून द्यायचे. शेवटच्या २५६ कडेही लक्ष दे. तो दोन्ही उत्तरांचा गुणाकार आहे आणि २०² − १२² सुद्धा. दहावीच्या भूमितीत वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून काढलेल्या स्पर्शिका आणि छेदिका यांचे प्रमेय शिकलीस ना, तेच हे: बंदर हा वर्तुळाबाहेरचा बिंदू आणि जहाजाचा मार्ग ही छेदिका.

उत्तर_कसबा

सरांचे गणित मान्य आहे, परंतु प्रश्न अपुरा आहे हे मान्य नाही. प्रश्नात "१२ मैलांवर आले" असे म्हटले आहे. आपण "पाहुणे स्टेशनवर आले" म्हणतो, तेव्हा ते जवळ येत असतात. २३.९५ मैलांवर जहाज दीपगृहाला मागे टाकून लांब निघाले आहे, म्हणून तेथे "१२ मैलांवर गेले" असे लिहावे लागले असते. तेव्हा उत्तरसूचीतील १०.६९ हेच एकमेव उत्तर आहे आणि मुलीने परीक्षेत तेच लिहावे.

निवृत्त_गणित_शिक्षक

एका क्रियापदावर जहाज टांगणे मला धोक्याचे वाटते. प्रश्न इंग्रजीतून उतरवलेला असेल, तर "आले" हा शब्द भाषांतर करणाऱ्याच्या सवयीने आला असेल, आणि मूळ वाक्यात केवळ "अंतर १२ मैल आहे" एवढेच असू शकेल. परीक्षेत दोन्ही उत्तरे लिहून "पहिल्यांदा" आणि "दुसऱ्यांदा" असे स्पष्ट केले, तर कोणताही विचारी परीक्षक गुण कापणार नाही. वेळाही लिहाव्यात: पहिली स्थिती निघाल्यापासून १ तास ४ मिनिटांनी, दुसरी २ तास २४ मिनिटांनी.

सुट्टीवरचा_डेक_ऑफिसर

मी मूळचा बार्शीचा. गेली काही वर्षे मालवाहू जहाजांवर डेक ऑफिसर म्हणून काम करतो. सोलापूर जिल्ह्यात समुद्र नाही, पण हा प्रश्न वाचून ब्रिजवरची (जहाज चालवण्याच्या कक्षातली) पहाटेची पाळी आठवली, म्हणून प्रत्यक्षात हा पेच कसा सुटतो ते लिहितो.

रडारने दीपगृह १२ मैलांवर दाखवले, एवढ्यावरून आपण कोठे आहोत हे कळत नाही. आपण दीपगृहाभोवतीच्या १२ मैलांच्या वर्तुळावर कोठेतरी आहोत, इतकेच कळते. मार्गाची रेषा या वर्तुळाला दोन ठिकाणी छेदते, हे सरांनी दाखवलेच आहे. तिसरी माहिती मिळेपर्यंत दोन्ही ठिकाणे सारखीच खरी असतात, आणि ती माहिती मिळवायला फार खटाटोप लागत नाही. दीपगृहाचे बेअरिंग घ्यावे. तुमच्या गणितात पहिल्या ठिकाणाहून दीपगृह ०१४° वर, म्हणजे डाव्या अंगाला पुढच्या बाजूस दिसेल, आणि दुसऱ्या ठिकाणाहून ३०६° वर, म्हणजे डाव्या अंगालाच पण मागे पडलेले दिसेल. या दोहोंत गल्लत होणे शक्य नाही. बेअरिंग घेता येत नसेल तर दोन मिनिटे थांबून पुन्हा अंतर पाहावे: ते घटत असेल तर पहिले ठिकाण, वाढत असेल तर दुसरे. निघाल्याची वेळ आणि वेग ठाऊक असेल तर घड्याळही निवाडा करते, कारण दोन ठिकाणांत १३ मैलांहून जास्त, म्हणजे सुमारे ८० मिनिटांचे अंतर आहे.

परंतु एक गोष्ट पुस्तकांत क्वचितच लिहिलेली असते. दोन उत्तरांमुळे जहाजावर फारसा गोंधळ होत नाही. दोन उत्तरे जेव्हा जवळजवळ एक होतात, तेव्हा खरी काळजी असते. तुमच्या गणितात १२ ऐवजी अंतर १२.१ मोजले गेले, तर मार्गावरचे ठिकाण सुमारे ०.१८ मैलाने सरकते, ते चालण्यासारखे आहे. पण अंतर १०.२ असताना तीच ०.१ मैलाची चूक झाली, तर ठिकाण अर्ध्या मैलाने सरकते. सागरी मैल १८५२ मीटरचा असतो, म्हणजे मोजमापातली १८५ मीटरची चूक मार्गावर ९०० मीटरहून मोठी होऊन बसते. आणि रडारने ९.९ दाखवले तर? गणित म्हणते त्रिकोणच नाही. जहाज मात्र तेथे असतेच. अशा वेळी कॅल्क्युलेटर "एरर" दाखवतो त्याचा अर्थ इतकाच, की आपण मानलेली एखादी गोष्ट खरी नाही: प्रवाहाने जहाज मार्गावरून दीपगृहाच्या बाजूला ढकलले आहे, किंवा मोजमाप चुकले आहे, किंवा आपण भलतेच दीपगृह पाहत आहोत. तिन्ही शक्यता तपासायच्या असतात, आणि तिसरी आधी.

म्हणूनच एखादे दीपगृह बरोबर आडवे, म्हणजे मार्गाशी काटकोनात, आले असता केवळ त्याच्या अंतरावरून मार्गावरचे आपले ठिकाण ठरवू नये, बेअरिंगवरून ठरवावे. जुन्या नाविकांची एक युक्ती तर या पेचात सापडतच नाही. जहाजाच्या तोंडाशी दीपगृहाचा जो कोन होतो, तो दुप्पट होईपर्यंत किती मैल कापले ते मोजायचे. तेवढेच मैल त्या क्षणी दीपगृहापासूनचे अंतर असते, कारण त्रिकोण समद्विभुज होतो. तुमच्या गणितात निघतानाचा कोन ३०° आहे. तो ६०° होईल तेव्हा जहाज ११.५५ मैल आलेले असेल आणि दीपगृहही ११.५५ मैलांवर असेल. कोन मोजल्यामुळे दुसऱ्या त्रिकोणाचा प्रश्नच येत नाही.

चंद्रभागेकाठचा

मी पंढरपूरचा. येथे समुद्र नसला तरी नदी आहे, आणि होडीच्या गणितात हाच पेच अधिक चमत्कारिक रूपात येतो, म्हणून भर घालतो.

उजनीतून पाणी सोडले की भीमेचा प्रवाह होडीच्या वेगापेक्षा जास्त होऊ शकतो. समजा प्रवाह ताशी ५ किलोमीटर आणि वल्ह्यांनी होडीला मिळणारा वेग ताशी ४ किलोमीटर आहे. नावाड्याला पलीकडच्या काठावरील अशा एका जागी लागायचे आहे, की होडीची प्रत्यक्ष वाट प्रवाहाशी ४०° चा कोन करेल. होडीचे तोंड कोणीकडे ठेवावे? त्रिकोणाच्या तीन बाजू म्हणजे प्रवाहाचा वेग ५, होडीचा स्वतःचा वेग ४ आणि प्रत्यक्ष वेग, जो शोधायचा आहे. ४०° चा कोन ४ या बाजूसमोर येतो, आणि ४ ही बाजू ५ पेक्षा लहान आहे. म्हणजे सरांचे बाबाको येथे हजर! ५ × साइन ४०° = ३.२१, हे ४ पेक्षा कमी, म्हणून त्रिकोण दोन.

पहिल्या उत्तरात होडीचे तोंड प्रवाहाशी ९३.५° वर, म्हणजे जवळजवळ सरळ समोरच्या काठाकडे असते आणि प्रत्यक्ष वेग ताशी ६.२१ किलोमीटर होतो. दुसऱ्या उत्तरात तोंड १६६.५° वर, म्हणजे जवळजवळ उलट प्रवाहाकडे असते. नावाडी जीव तोडून वर वल्हवतो, होडी पाण्याबरोबर मागे सरकत सरकत तिरपी पलीकडे जाते, आणि वेग ताशी १.४५ किलोमीटरच राहतो. दोन्ही होड्यांची वाट तीच, लागण्याची जागाही तीच. पात्र ३०० मीटर रुंद धरले, तर पहिली साडेचार मिनिटांत पोहोचेल आणि दुसरी सव्वाएकोणीस मिनिटांत. काठावरून पाहणाऱ्याला दुसरा नावाडी वाट चुकला आहे असे वाटेल, पण त्रिकोणमितीच्या दृष्टीने तो पहिल्याइतकाच बरोबर आहे.

वाटेचा कोन ५३.१° च्या पुढे गेला की ५ × साइन हे ४ पेक्षा मोठे होते आणि त्रिकोण उरतच नाही. म्हणजे अशा पाण्यात सरळ समोरच्या घाटाला लागणे कोणत्याही नावाड्याला शक्य नाही, तोंड कसेही ठेवा. होडीचा वेग प्रवाहापेक्षा जास्त असला, तर मात्र वर्गसमीकरणाचे एक मूळ नेहमी ऋण येते आणि उत्तर एकच राहते. विमानाचा हवेतील वेग सामान्यतः वाऱ्यापेक्षा बराच जास्त असल्यामुळे वैमानिकांच्या वाऱ्याच्या त्रिकोणात हा पेच येत नाही, तो याच कारणाने.

जुळे_सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. सरांनी सांगितलेली आकृती काढली, आणि नंतर तीच एका लाकडी फळीवर केली. वडील यंत्रमागावर काम करतात, त्यामुळे घरी सुताला तोटा नाही. द च्या जागी खिळा ठोकला, त्याला सहा सेंटिमीटरचा दोरा बांधून टोकाला गाठ मारली, आणि मार्गाच्या जागी एक पट्टी ठेवली. दोरा ताणून फिरवला की गाठ पट्टीला एकदा अलीकडे आणि एकदा पलीकडे टेकते. दोरा पाच सेंटिमीटरचा केला, तेव्हा ती नेमकी कोठे टेकते तेच सांगता येईना. पट्टीवर जवळजवळ एक सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्यात कोठेही टेकल्यासारखी वाटत होती. ऑफिसर दादांनी लिहिलेली अर्ध्या मैलाची चूक मला तेव्हा समजली.

आता दोन शंका उरल्या. कॅल्क्युलेटरची ही एकच उत्तर देण्याची सवय आणखी कोठे फसवते? आणि ब जवळचा कोन विशालकोन असेल, तर दोन उत्तरे कधी येतात?

निवृत्त_गणित_शिक्षक

फळीचा प्रयोग फार आवडला. त्या पट्ट्याची लांबी मोजून ठेव.

पहिल्या शंकेला सोलापुरातलेच उदाहरण देतो. आपल्या शहराचे अक्षांश सुमारे १७.७° उत्तर आहेत. सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो तो दिवस काढायचा, तर साइनचेच समीकरण सोडवावे लागते: साइन १७.७° ला साइन २३.४४° ने (२३.४४° हा पृथ्वीच्या अक्षाचा कल) भागले की सूर्याच्या वार्षिक मार्गावरील, मार्चमधल्या विषुवदिनापासून मोजलेल्या, स्थानाचे साइन मिळते, सुमारे ०.७६. कॅल्क्युलेटर ५०° च्या आसपासचा कोन देतो, म्हणजे मे महिन्याचा दुसरा आठवडा. त्याचा पूरक कोन, सुमारे १३०°, म्हणजे ऑगस्टचा पहिला आठवडा. शून्य सावली वर्षातून दोनदा येते. ऑगस्टमध्ये आभाळ भरलेले असते म्हणून आपल्याला मे महिन्याचीच आठवते, एवढेच.

दुसऱ्या शंकेचे उत्तर असे, की कधीच नाही. त्रिकोणात दोन विशालकोन मावत नाहीत, त्यामुळे कोन ज लघुकोनच असला पाहिजे आणि कॅल्क्युलेटर देतो तेच उत्तर खरे ठरते. तुझ्या जहाजाच्या भाषेत सांगायचे, तर निघतानाच दीपगृह पाठीमागच्या बाजूला आहे आणि जहाज पहिल्या क्षणापासून त्याच्यापासून लांबच जात आहे. २० मैलांवरून सुरुवात केल्यावर १२ मैल हे अंतर कधी येणारच नाही, आणि २५ मैल एकदाच येईल. त्यासाठी उत्तर_कसबा यांना "गेले" असे लिहावे लागेल.